लेह्मीवाराची दुसरी चौकट

हेलसिंकी, ६ ऑक्टोबर १९०१

चि. एफ्राइम यास तेक्लाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

जे घडले ते आधी क्रमाने मांडते, म्हणजे "ताई, तुझा गैरसमज झाला" असे लिहिण्याची सोय तुला उरणार नाही.

पहिले. गेल्या जुलैत पीटर्सबर्गहून लष्करभरतीचा नवा कायदा निघाला. आपल्या विधिसभेला न विचारता निघाला. त्याने फिनलंडचे स्वतःचे सैन्य मोडीत निघते आणि आपली मुले रशियन पलटणींत, रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखाली, बादशहा धाडतील तिथे जातात. दुसरे. हा कायदा प्रत्येक चर्चमध्ये प्रवचनानंतर वाचून दाखवावा, असा हुकूम पाळकांना आला. तिसरे. अनेक पाळकांनी तो वाचला नाही. त्यांतल्या चौघांना मी नावानिशी ओळखते. चौथे. १५ सप्टेंबरच्या रविवारी, ज्या व्यासपीठावरून आपल्या वडिलांनी एकतीस वर्षे प्रवचने केली, तिथे उभा राहून तू तो वाचलास. पाचवे. तू दुसऱ्या कलमावर पोहोचलास तेव्हा मंडळी उठून उभी राहिली आणि गीत गाऊ लागली. सगळी कडवी गायली. तू वाचत राहिलास. सहावे. हे मला तुझ्याकडून कळले नाही. तुझ्या गावाहून इथे लोणी विकायला येणाऱ्या माणसाकडून, लोणी तोलत असताना कळले.

ही सहा कलमे तपासून पाहा. एकही चुकीचे असल्यास दुरुस्त करून पाठव.

आता पुढचे. तुझा थोरला आर्मास येत्या फेब्रुवारीत एकवीस पूर्ण करतो. गावातल्या प्रत्येक मुलाचा जन्म चर्चच्या नोंदवहीत असतो आणि वही पाळकाच्या कपाटात असते. त्यामुळे भरतीची यादी मागायला ते तुझ्याकडेच येतील. कायदा वाचलास, तेव्हा तुझा आवाज गीताखाली बुडाला. यादी लिहिशील, तेव्हा अक्षर बुडणार नाही. ते मोत्यासारखे आहे, कारण ते मी तुला शिकवले.

इथे आम्ही एक प्रघात पाडला आहे. जो या कायद्यापुढे वाकला त्याच्याशी हस्तांदोलन करायचे नाही. गेल्या मंगळवारी आमच्या शाळेच्या भूगोलाच्या शिक्षकांनी हात पुढे केला. त्यांच्याबरोबर मी बावीस वर्षे कॉफी प्यायले आहे. मी माझा हात हातमोज्यात ठेवला आणि मोजा खिशात. तुझ्यासाठी वेगळा नियम करणे मला शक्य नाही. यादी देणाऱ्याच्या घराचा उंबरठा मी चढणार नाही, मग त्या घरात माझा जन्म झालेला का असेना.

चि. सौ. लोव्हिसाला व मुलांना आशीर्वाद. लोभ आहे; तो वाढावा की आटावा हे तुझ्या उत्तरावर.

तुझी ताई,
तेक्ला सावेनिउस


लेह्मीवारा, १९ ऑक्टोबर १९०१

ती. तेक्लाताईस एफ्राइमचा सा. न. वि. वि.

तुझी सहा कलमं तपासली. पाचव्यात चूक आहे. मंडळींनी सगळी कडवी नाही गायली, पाचच गायली. सहावं कुणालाच येत नाही, मलाही नाही. बाकी सगळं खरं आहे.

मी वाचत का राहिलो, हे तू विचारलं नाहीस. तुला उत्तर आधीच माहीत असावं. तरी लिहितो. मी थांबलो असतो तर महिन्याभरात माझ्या जागी दुसरा आला असता. कसा आला असता हे शेजारच्या गावात बघून आलोय: मंडळींची नावं माहीत नाहीत, आजाऱ्याकडे जात नाही, गव्हर्नरच्या वाढदिवसाला मात्र घंटा वाजवतो. ताई, आपण सव्वीस लाख आणि ते तेरा कोटी. गव्हर्नर बदलतात, बादशहाही बदलतात. शाळा, चर्च आणि वही एवढं आपल्या हातात टिकलं की लोक टिकतात, असं मला वाटत आलं. चुकत असेन. पण तुमच्या हेलसिंकीतली जी बडी मंडळी कालपर्यंत मोलकरणीशीसुद्धा स्वीडिशमध्येच बोलत होती, त्यांना आज एकदम आमचा कळवळा आला की मी आधी माझा खिसा चाचपतो.

लोव्हिसा विचारते, खिशात गेलेला मोजा तिने विणून पाठवलेलाच होता का? असेल तर तो परत पाठव म्हणते. तिने तो हात मिळवायला विणला होता.

थट्टा पुरे. यादीचा विचार मी करत नाही असं समजू नकोस. गेले तीन आठवडे दुसरा कुठलाच विचार नाही. पण मला एक सांग. नाही म्हणायचं तर कशा शब्दांत म्हणायचं? मी धर्मशास्त्र शिकलो, कायदा नाही. एकट्याने काहीतरी खरडलं तर पहिल्याच वाक्यात पकडतील. तुमच्याकडे इतके विद्वान आहेत. त्यांतल्या एकाने तरी एका खेड्यातल्या पाळकासाठी चार ओळी लिहून ठेवल्यात का?

यंदा बटाटे चांगले आले. एक पोतं लोणीवाल्याबरोबर पाठवतोय. कायदा वाचणाऱ्याचे बटाटे घ्यायचे की नाही, ते तुमच्या प्रघाताला विचारून घे.

नेहमीसारखाच लोभात ठेव, निदान खिशातल्या हाताने तरी.

तुझा,
एफ्राइम


हेलसिंकी, २४ नोव्हेंबर १९०१

चि. एफ्राइम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बटाटे घेतले. त्यांनी काही वाचलेले नाही.

तुझा प्रश्न रास्त होता आणि तो आम्हाला आधी सुचला नाही, याचा मला राग आला. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी हालचाल केली. आता एक समिती बसली आहे: सात विद्वान आणि मी. पाळकांसाठी नकाराचे एकच पत्र तयार करायचे, देशभरातल्या पाळकांनी ते एकाच दिवशी, शब्दही न बदलता पाठवायचे. एकाला पकडता येते. चारशे जणांना एकाच वाक्यासाठी पकडणे अवघड जाते. ही कल्पना माझी आहे आणि ती चांगली आहे.

समितीबद्दल काय लिहू? कायद्याचे प्राध्यापक अध्यक्ष आहेत. त्यांचे पहिले वाक्य पाऊण पानाचे असते आणि त्यात क्रियापद शेवटी येते, तोवर ऐकणारा म्हातारा होतो. एक निवृत्त सेनेटर आहेत. ते प्रत्येक बैठकीत मागच्या बादशहाने आपला हात कसा हाती घेतला होता ते सांगतात. एक डॉक्टर आहेत, ते घाई करतात आणि म्हणून कोणी त्यांचे ऐकत नाही. उरलेले चौघे इतिहासकार आहेत आणि ते एकमेकांचे ग्रंथ वाचत नाहीत. मी टिपणे ठेवते आणि सगळ्यांच्या भाषेतल्या चुका दुरुस्त करते. कोणी आभार मानत नाही.

पहिला मसुदा झाला आहे. तो मी लाल शाईने परत केला. त्यात भावना फार होत्या आणि आधार दोनच. पीटर्सबर्गच्या वकिलांसमोर आपण अश्रू घेऊन जायचे नाही. कलमे घेऊन जायचे.

नाताळपर्यंत पत्र तुझ्या हातात असेल. हा माझा शब्द. तोवर यादीचा हुकूम आलाच तर उत्तर देऊ नकोस. चुकीच्या शब्दांतला नकार हा होकाराहून वाईट असतो.

आर्मासला सांग की त्याने पाठवलेल्या पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. पण पत्र आवडले.

लोभ सध्या आहे तसाच. मसुद्याबरोबर वाढवून पाठवीन.

तुझी ताई,
तेक्ला


लेह्मीवारा, १२ जानेवारी १९०२

ती. तेक्लाताईस सा. न. वि. वि.

नाताळ येऊन गेला. बर्फ छातीएवढा आहे. समितीचं पत्र आलेलं नाही.

हुकूम मात्र आला. १५ फेब्रुवारीपर्यंत पॅरिशमधल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, एकवीस वर्षांच्या सर्व मुलांची नावं, जन्मतारखा, घरं, प्रकृती, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून पाठवायचं. सुवाच्य हा शब्द त्यांनी अधोरेखित केलाय. वही काढून मोजली. त्रेसष्ट मुलं आहेत. चाळिसांचा बाप्तिस्मा बाबांच्या अक्षरात नोंदलेला आहे, तेवीस जणांचा माझ्या; मी तेव्हा बाबांच्या हाताखाली होतो. आर्मास बाबांच्या पानावर आहे, कारण त्याच्या वेळी मी पाळण्यापासून हलेना म्हणून बाबांनीच लिहिलं. आठवतं?

आर्मास घरी आहे. दिवसभर लाकडं फोडतो. दोन हिवाळे पुरतील इतकी फोडून झाली. या विषयावर मी त्याच्याशी बोललो नाही, तोही माझ्याशी नाही. मग परवा जेवताना, भाकरीवर लोणी लावता लावता, मान खाली घालूनच म्हणाला, "बाबा, यादीत माझं नाव तुमच्या अक्षरात असेल तर मी जाईन. दुसऱ्या कुणाच्या अक्षरात असेल तर नाही."

लोव्हिसा उठून गाईंकडे गेली. गाईंचं तर सगळं आधीच करून झालं होतं.

मी लोण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. तुला लिहितोय. त्याने दम दिला नाही, ताई, तो तसा मुलगा नाही. तो मला विचारत होता.

मला तुझ्या सात विद्वानांच्या चार ओळी हव्यात. चांगल्या नसल्या तरी चालतील. आधार दोनच असले तरी चालतील. मी वाट पाहतोय आणि वाट पाहणं मला जमेनासं झालंय.

पुढच्या आठवड्यापासून हिवाळ्यातली वाचनपरीक्षा सुरू होते. घरोघर जाऊन प्रत्येकाला वाचायला लावायचं, वहीत शेरा द्यायचा, मग यजमानाकडे जेवायचं. पंधरा घरं. तेवढे दिवस तरी डोकं दुसरीकडे राहील.

आणखी काय लिहू. लोभ असू दे. या महिन्यात त्याची गरज जास्त आहे.

तुझा,
एफ्राइम


हेलसिंकी, २६ जानेवारी १९०२

चि. एफ्राइम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. तू मला ओळखतोस, म्हणजे काय ते समजशील.

मसुदा तयार नाही. का नाही, ते क्रमाने सांगते. पत्र दोन्ही भाषांत असावे हे ठरले. दोन रकाने करायचे हेही ठरले. मग डावा रकाना कोणाचा, यावर तीन बैठका झाल्या. स्वीडिश डावीकडे, कारण जुने कायदे त्या भाषेत आहेत, असे एका बाजूचे म्हणणे. फिनिश डावीकडे, कारण लोक त्या भाषेत आहेत, असे दुसऱ्या बाजूचे. चौथ्या बैठकीला डॉक्टरांनी सुचवले की दोन वेगळे कागद करा. सगळ्यांना पटले. पाचवी बैठक कोणता कागद वर ठेवायचा यावर झाली. निवृत्त सेनेटर उठून गेले, जिन्यापर्यंत जाऊन परत आले. त्यांची छत्री राहिली होती.

हे वाचून तू हसशील. मीही हसले असते, पण पुढचे कारण मी आहे. १७७२ सालच्या राज्यघटनेचा आधार देणारी तळटीप मी सुचवली. मूळ प्रत पाहिल्याशिवाय ती छापू देणार नाही असे मीच म्हणाले. दप्तरखान्याचे अधिकारी आजारी आहेत, चावी त्यांच्याकडे आहे. तीन आठवडे आम्ही माझ्या तळटिपेसाठी थांबलो आहोत. बाकी सगळे मागेच कंटाळून सही करायला तयार झाले होते. मी नव्हते.

आर्मासचे वाक्य मी समितीत वाचून दाखवले. त्यावर प्राध्यापक म्हणाले की भावना समजते, परंतु अक्षर कोणाचे यावर कायदेशीर बंधन अवलंबून नसते. एफ्राइम, मी त्यांच्यापुढची शाईची दौत उचलून माझ्याकडे घेतली. एवढेच केले.

तुला काय करायला सांगू, ते मला सुचत नाही. हे वाक्य लिहायची मला सवय नाही. १५ तारखेपर्यंत मसुदा आला तर पाठवीनच. न आला तर... वाक्य अपुरे सोडते, तूच पूर्ण कर.

उंबरठ्याबद्दल लिहिले होते, ते मात्र मागे घेत नाही. घेता येत नाही. इतरांच्या बाबतीत पाळला तो नियम तुझ्या बाबतीत मोडला, तर तो नियम नव्हताच, नुसता तोरा होता.

लोभाचे काय लिहावे ते कळत नाही. तो आहे, आणि आज त्याचा तुला काही उपयोग नाही.

तेक्ला


लेह्मीवारा, १७ फेब्रुवारी १९०२

ती. तेक्लाताईस सा. न. वि. वि.

मसुदा पोहोचला नाही, पण आता त्याची गरज राहिली नाही. कसं ते सांगतो. क्रमाने सांगतो, तुझ्याकडूनच शिकलोय.

वाचनपरीक्षेत दरवर्षी एकच अडचण असते. प्रश्नोत्तरांचं पुस्तक सगळ्यांना पाठ आहे. पुस्तक उलटं धरूनही धडाधड म्हणतात. वाचता येतं की नाही, कळणार कसं? म्हणून यंदा पाठ नसलेलं काहीतरी न्यायचं ठरवलं. चर्चच्या भिंतीवर बादशहांची हमीपत्रं लावलेली आहेत ना, ज्यांच्यावरून बाबांनी आपल्याला अक्षरं शिकवली? त्यांतलं शेवटचं, आत्ताच्या बादशहाचं, चौकटीसकट उतरवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि घसरगाडीत ठेवलं. खरंच सांगतो, तेव्हा डोक्यात परीक्षेपलीकडे काही नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

सहाव्या दिवशी एवास्तीनाकडे होतो. तू तिला ओळखतेस: टेकडीपलीकडची, शेजाऱ्याशी कुंपणावरून चार खटले लढलेली, कॉफी मोजून ओतणारी. तिला तीस वर्षं माझ्या आणि बाबांच्या वहीत 'वाचन कच्चे' असा शेरा आहे, आणि तीस वर्षं ती त्यावर भांडते. चौकट तिच्या मांडीवर ठेवली. तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. पाठ असणारे भरभर म्हणतात आणि कुणी ऐकत नाही. ती अडखळत होती म्हणून सगळं घर ऐकत होतं. या देशाचा धर्म, त्याचे मूळचे कायदे, प्रत्येकाचे हक्क जसेच्या तसे राखू, असं वचन; खाली सही. दाराशी आमचा घंटावाला याफेत उभा होता. घरातले तीन मुलगे, त्यांतला एक यादीतला.

वाचून झाल्यावर तिने सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं की शरदात मी व्यासपीठावरून वाचलं तेही याच माणसाने लिहिलं होतं का. मी हो म्हणालो. सही हीच का? हीच.

मग ती म्हणाली, "कुंपणाच्या खटल्यात शेजाऱ्याने असेच दोन कागद काढले होते. न्यायाधीश म्हणाले, यातला कुठला खरा ते लिहून दे. आजतागायत दिलं नाही मेल्याने. तुम्ही विचारा की यांना. तुम्हाला लिहिता येतं." आणि त्याच दमात, शेरा बदलणार की नाही ते आत्ता सांगा, म्हणाली.

शेरा बदलला. 'वाचन उत्तम' लिहिलं. घरी आलो आणि चार नव्हे, सहा ओळी लिहिल्या. मग आर्मासला बोलावून वाचायला दिल्या. त्याने दोनदा वाचल्या, कागद टेबलावर ठेवला आणि सरळ कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला. मी खिडकीतून पाहिलं: फोडण्यासारखं लाकूड उरलं नव्हतं, आणि तो तसाच उभा राहून हसत होता.

१४ तारखेला पत्र पाठवलं. नक्कल खाली देतो. तुझ्या लाल शाईसाठी समास सोडलाय.

"माननीय कचेरीस. एकवीस वर्षांच्या तरुणांची यादी पाठवण्याचा आपला हुकूम पोहोचला. आमच्या चर्चच्या भिंतीवर, वरिष्ठांच्याच आज्ञेने, बादशहांचे हमीपत्र लावलेले आहे. त्यात देशाचे कायदे अबाधित राखण्याचे वचन असून खाली बादशहांची सही आहे. आपला हुकूम ज्या कायद्याखाली निघाला, त्याखालीही त्यांचीच सही आहे. दोन्ही कागद एकाच वेळी पाळणे मला शक्य दिसत नाही. तरी कोणता पाळावा आणि कोणता भिंतीवरून उतरवावा, हे लेखी कळवावे. आपले उत्तर चौकटीत बसवून मंडळींसमोर लावण्यात येईल आणि त्याच दिवशी यादी रवाना होईल."

लोव्हिसा म्हणते, आता सामान बांधायला घेऊ का? मी म्हणालो, हळूहळू.

लोभ असाच असो. वाढला तरी हरकत नाही.

तुझा,
एफ्राइम


हेलसिंकी, २ मार्च १९०२

चि. एफ्राइम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाल शाई घेऊन बसले. पहिल्यांदा वाचले, दुसऱ्यांदा वाचले, तिसऱ्यांदा वाचले. तिसऱ्या वाक्यात एक शब्द मी वेगळा वापरला असता. मग तो वापरून पाहिला आणि तुझाच बरा ठरला. शाईची दौत बंद केली.

पत्र समितीपुढे ठेवले. प्राध्यापकांचे म्हणणे पडले की यात एकही संदर्भ नाही. एका इतिहासकाराला 'माननीय' हा शब्द खटकला. दुसऱ्याने विचारले की स्वीडिश भाषांतर कोण करणार आणि ते कोणत्या बाजूला. एकट्या डॉक्टरांनी हात पुढे केला आणि नक्कल मागितली. मी कागद आवरले, कोट घातला आणि राजीनामा दिला. तोंडी दिला, हे मला आता बरे वाटत नाही.

गेल्या चार दिवसांत मी आणि डॉक्टरांनी मिळून तुझ्या पत्राच्या अडतीस नकला केल्या. रकाना एकच आहे. त्या ओळखीच्या पाळकांकडे गेल्या. किती जणांनी पाठवल्या ते कळेल तसे कळवीन. तुझे नाव कोठेही घातलेले नाही.

पण मला काळजी वाटते, आणि ती सुबक वाक्यात बसत नाही. त्यांचे काही उत्तर आले का?

लोभ वाढला आहे. यापूर्वी तो कधी सशर्त होता असे वाटले असेल, तर ते बरोबर वाटले होते.

तेक्ला


लेह्मीवारा, २० एप्रिल १९०२

ती. तेक्लाताईस सा. न. वि. वि.

उत्तर आलं, पण ते लेखी नव्हतं. मार्चच्या शेवटी पोलीस अंमलदार आला. भला माणूस आहे, त्याच्या तिन्ही मुलींचं नाव मीच ठेवलंय. जमिनीकडे बघत म्हणाला की कचेरीचा निरोप आहे, फाजील प्रश्न विचारू नका, यादी द्या. मी म्हणालो, निरोप कळला, तोच कागदावर लिहून दे, म्हणजे चौकटीत लावतो. तो म्हणाला, साहेब लिहायला तयार नाहीत. लोव्हिसाने त्याला कॉफी दिली. दोन कप पिऊन गेला.

याफेतला हे कळलं. त्याने बर्चच्या लाकडाची एक नवी चौकट केली, हमीपत्राच्या मापाची, काचेसकट, आणि त्याच्याशेजारी टांगली. रिकामीच. दर रविवारी मंडळी आत येतात, आधी तिच्याकडे बघतात, मग बसतात. एवास्तीना तर जवळ जाऊन बघते. कचेरीचं अजून वाचायचं राहिलंय का, असं मोठ्याने विचारते.

परवा, १८ तारखेला, भरतीचा दिवस होता. वही मी दिली नाही म्हणून त्यांनी जुन्या करयादीवरून नावं काढली. त्यात दोघं मेलेले होते आणि एक बाई. त्रेसष्टांपैकी हजर झाले चौघे. आर्मास त्या वेळी शेतात शेणखत टाकत होता. संध्याकाळपर्यंत टाकत होता. आता पुढे काय होईल, दंड होईल की नेतील, हे कुणालाच माहीत नाही. पण त्याचं नाव माझ्या अक्षरात कुठेच नाही.

त्याच दिवशी एक पत्र मात्र आलं. मला पदावरून दूर केलंय. पगार बंद, पाळकघर १ मेपर्यंत रिकामं करायचं. कारण लिहिलेलं नाही. तेवढं एक वाक्य त्यांना अजून लिहिता येत नाही असं दिसतं. नवा पाळक येणार, तसलाच कुणीतरी, ज्याची मला भीती होती. माझी ती भीती खोटी नव्हती, ताई, हे तुझ्या नोंदीत राहू दे. त्याला म्हाताऱ्यांची नावं कळावीत म्हणून एक कागद लिहून ठेवतोय: कुणाला कमी ऐकू येतं, कुणाच्या घरी आधी जावं.

आम्ही कुठे जाणार ते ठरलं नाही. मुलं पाच, गाई दोन. लोव्हिसाची चुलत बहीण उत्तरेला एक खोली देते म्हणाली. बघू.

लोभाची सवय आहे, ती राहू दे.

तुझा,
एफ्राइम


हेलसिंकी, २७ एप्रिल १९०२

चि. एफ्राइम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लोणीवाल्याबरोबर न देता सरळ टपालाने पाठवते. कोणी उघडून वाचणार असेल तर वाचो. भाषा शुद्ध आहे, त्याचाही फायदा होईल.

अडतीसपैकी एकोणतीस नकला पाळकांनी कचेऱ्यांना पाठवल्याचे कळले. एकाही कचेरीने लेखी उत्तर दिलेले नाही. इथे १८ तारखेला चौकात भरतीविरुद्ध जमलेल्या लोकांवर बादशहाच्या कोसॅक घोडेस्वारांनी चाबूक चालवले. मी शाळेच्या खिडकीतून पाहिले. पळत सुटलेल्या मुलींसाठी ज्यांनी पहिले दार उघडले, ते आमचे भूगोलाचे शिक्षक होते. त्यांच्या कपाळाला लागले. मी त्यांना रुमाल दिला. हात मिळवायचा की नाही हे अजून ठरवलेले नाही. तो मिळवण्याजोगा आहे असे मात्र नोंदवते. मोजा लोव्हिसाला परत करणार नाही. तो वापरात येईल.

आता माझी दुरुस्ती. यादी देणाऱ्याच्या घराचा उंबरठा चढणार नाही, असे मी लिहिले होते. तू यादी दिली नाहीस, आणि १ मेनंतर तो उंबरठाच तुझा राहत नाही. म्हणजे त्या घरी मी आता कधीच येणार नाही. माझे वाक्य तंतोतंत खरे झाले. अशा अचूकपणाची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. मला ऑक्टोबरमध्येच तुझ्याकडे यायला हवे होते, बाबांच्या टेबलाशी बसून सहा ओळी तुझ्याबरोबर लिहायला हव्या होत्या. मी तुला सहा कलमे पाठवली.

उत्तरेच्या त्या एका खोलीबद्दल. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. दुसरीत समितीच्या अकरा मसुद्यांचे गठ्ठे होते, ते काढले. शेगडी छान पेटते, तळटिपेचा कागद विशेष. आर्मासला भिंतीकडेची जागा, मुलांना माझा पलंग, मला आरामखुर्ची पुरते. गाईंची व्यवस्था डॉक्टरांच्या भावाच्या शेतावर केली आहे. तो कायद्यातले काही जाणत नाही, म्हणून विश्वासाचा आहे. त्रास होईल, असे लिहू नकोस; होणार आहेच. बघू, असेही लिहू नकोस. तो शब्द मी तुझ्या पत्रात पाहिला.

याफेतची रिकामी चौकट नवा पाळक बहुधा उतरवील. तसे झाल्यास ती सामानात घालून आण. माझ्या दाराशेजारी खिळा ठोकून ठेवला आहे. त्यांचे उत्तर येईतो तिच्यात तुझे लावीन.

तू, लोव्हिसा आणि मुले माझ्या घरी येणार की नाही, हे एका ओळीत, मसुदा न करता, कोणालाही न विचारता, परतीच्या टपालाने लेखी कळव.

तुझी ताई,
तेक्ला